पौष महिन्यात दलाल काय करतो?

(नाशिकमधल्या एका वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले भाषण, थोडे संपादित करून.)

नमस्कार मंडळी. नाशिकला व्याख्यानमाला म्हटली की लोकांना मे महिना आणि गोदाघाट आठवतो. थंडीत, तेही रात्री आठ वाजता, एका इस्टेट एजंटचं बोलणं ऐकायला तुम्ही स्वेटर-कानटोपी घालून आलात, त्याबद्दल आधी आभार. बऱ्याच जणांना वाटलं असेल की आज भाव कळतील, गंगापूर रोडचा भाव वर जाणार की पाथर्डी फाट्याचा ते तरी समजेल. ते आज नाही. त्यासाठी मी ऑफिसात असतोच.

आमच्या धंद्याचं एक पंचांग आहे. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया हे आमचे सुगीचे दिवस. पितृपक्षात फोन वाजत नाही. आणि पौष लागला की गिऱ्हाईक साइट बघतं, चहा पितं, घरी जाऊन चर्चा करतं आणि म्हणतं, "इसार माघात देऊ." रजिस्ट्री ऑफिस उघडं असतं, बँका कर्ज देत असतात, कायद्याला पौष-माघ कळत नाही. पण आयुष्यभराची पुंजी ओतताना माणूस पौष टाळतो, आणि त्याला मी कधीही हसत नाही. मला त्यात मोकळा वेळ मिळतो. शिवाय योगायोग असा की साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीपर्यंत, म्हणजे ऐन पौषात, नांदूरमध्यमेश्वरला पक्षी सगळ्यात जास्त असतात.

तुमच्यापैकी अनेकांनी ती जागा पाहिली असेल. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांनी 1907 ते 1913 या काळात बंधारा बांधला. पाणी अडवायचं आणि कालव्यांतून खाली कोपरगावकडे न्यायचं, एवढाच हेतू. पण नदी नुसतं पाणी आणत नाही. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, साठवण घटत गेली, मध्ये बेटं तयार झाली, कडेला पाणवनस्पती माजल्या. मी धंद्याच्या नजरेनं बोलतो: ही मालमत्ता बुडीत निघाली. ज्या कामासाठी पैसा घातला ते काम ती कमी कमी करत गेली. आणि नेमक्या त्याच गाळावर, त्याच उथळ पाण्यात बदकं आली, करकोचे आले, शिकारी पक्षी आले. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. 2019 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत नाव गेलं, महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून. तिथं नोंदलेलं क्षेत्र 1437 हेक्टर. म्हणजे साडेतीन हजार एकरांच्या वर. चाळीस गुंठ्यांचा एकर धरून याचे किती प्लॉट पडतील, हा हिशोब माझ्या डोक्यात पहिल्या भेटीतच झाला होता. काय करणार, सवय.

मला तिथं पहिल्यांदा नेलं ते माझ्या मोठ्या मुलीनं. ती तेव्हा कॉलेजात होती. कॅमेरा मात्र माझा, कारण धंद्यासाठी घेतलेला. आता या कॅमेऱ्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्यात आमच्या धंद्याचं एक उघड गुपित आहे. फ्लॅटचे फोटो आम्ही वाइड अँगल लेन्सनं काढतो. खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकवायची, कॅमेरा छातीच्या उंचीवर धरायचा, भिंतींच्या उभ्या रेषा सरळ ठेवायच्या, सगळे दिवे लावायचे. दहा बाय अकराची बेडरूम दिवाणखान्यासारखी दिसते. यात खोटं काही नसतं म्हणायचं तर भिंती तिथंच असतात, पण जवळची फरशी पसरते आणि समोरची भिंत लांब पळते. म्हणून फोटोत खोली बघू नका, खोलीतला पलंग बघा. पलंगाभोवती माणूस फिरू शकेल का ते बघा. पलंगच नसेल, तर का नाही ते विचारा.

पक्ष्यांसाठी हीच लेन्स निरुपयोगी. तिथं लांबची लेन्स लागते, आणि ती बरोबर उलटं करते: अंतर दाबून टाकते. मागची ऊसशेती, मधलं पाणी, पुढचं बदक, सगळं एकमेकांना चिकटून येतं. दोन्ही लेन्स थोडं थोडं खोटं बोलतात. फरक एवढाच की फ्लॅट माझ्या वेळेनं उभा राहतो आणि चक्रवाक त्याच्या वेळेनं.

चक्रवाक तुम्हाला ठाऊक आहेच, निदान काव्यातला. रात्री जोडी ताटातूट होऊन नदीच्या दोन काठांवर बसते आणि एकमेकांना हाका मारते म्हणतात. प्रत्यक्षात हे नारिंगी-तपकिरी, देखणं, अत्यंत संशयी बदक आहे. लडाख, तिबेट, मध्य आशियाकडे अंडी घालतं आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतं. तुम्ही गाडीचं दार लावलंत की सगळ्यात आधी हाच ओरडतो, आणि मग बाकीचे उठतात. थापट्या बदक त्या मानानं गरीब, चोचीचं फावडं पाण्यात घालून गोल गोल फिरत बसतो. पट्टकदंब आला तर दिवस सार्थकी, हिमालय ओलांडून आलेला हंस तो, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या.

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या पुढे उगवतो. पाण्यावर धुकं असतं. गाडीत हीटर लावून गेलात आणि तसाच कॅमेरा बाहेर काढलात तर गरम लेन्सभोवतीची हवा थरथरते आणि ती निवेपर्यंत फोटो धूसर येतात. म्हणून शेवटचे काही किलोमीटर काचा खाली करून जायचं, कुडकुडायचं, कॅमेरा थंड होऊ द्यायचा. उडत्या पक्ष्याला दोन हजारांश सेकंदाचं शटर हवं, आणि तेवढा उजेड सूर्य वर आल्याशिवाय मिळत नाही. तोवर नुसतं बसायचं. काही हौशी लोक थवा उठावा म्हणून टाळ्या वाजवतात, ड्रोन सोडतात. माझं मत विचाराल तर अशा माणसाचा कॅमेरा काढून घ्यावा. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्यानं इथं चरबी साठवायची असते, आणि हे महाशय त्याला फोटोसाठी पळवतात. थोडं थांबलं की शिकारी पक्षी येतोच आणि थवा आपसूक उठतो.

तर या बसण्यातून मला एक गोष्ट सुचली आणि ती मी धंद्यात वापरू लागलो. जागा हिवाळ्यात बघावी. आपल्याकडे लोक म्हणतात, घर पावसाळ्यात बघा, गळती कळते. बरोबर आहे. पण ऊन हिवाळ्यात कळतं. नाशिक साधारण 20 अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भरदुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून 46-47 अंशांवर. सात फूट उंचीपर्यंतची दक्षिणेची खिडकी असेल आणि वर मोठा छज्जा नसेल, तर दुपारचं ऊन साडेसहा फूट आत येतं. तीच खिडकी मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बघा. सूर्य थेट डोक्यावर, आत ऊन नाही. म्हणजे हवं तेव्हा ऊन, नको तेव्हा सावली. आणि उत्तरेचा फ्लॅट? थंडीचे दोन-अडीच महिने त्याच्या खिडकीत ऊन शिरत नाही.

आता गंमत बघा. बाजारात पूर्वमुखी आणि उत्तरमुखी फ्लॅटला मागणी, दक्षिणमुखी पडून राहतो, कधी कधी थोडा स्वस्तही मिळतो. वास्तूवर वाद घालायला मी इथं उभा नाही, माझं पोट त्यावरही चालतं. पण घरात गुडघेदुखीची आई असेल, तर मुख्य दार कुठल्या दिशेला आहे यापेक्षा तिची खुर्ची सकाळी दहा वाजता कुठल्या खिडकीपाशी ठेवता येईल, हे आधी बघा. माझी आई गावाकडून महिनाभर येते तेव्हा आमच्या तथाकथित अशुभ दक्षिण बाल्कनीत बसते आणि उत्तरेच्या देवघरात पाच मिनिटांच्या वर थांबत नाही.

जमिनीचंही तसंच. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेला की पेपरात फोटो येतात. का जातो? निरभ्र आकाश, कोरडी हवा, वारा पडलेला. जमीन रात्रभर आपली उष्णता वर सोडून देते. थंड हवा जड, ती उतारानं वाहत सखल जागेत साचते. एकाच गावात वरच्या माळावर आणि नाल्याकाठी दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. द्राक्षवाल्याला हे शिकवावं लागत नाही. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झालेली, डिसेंबर-जानेवारीत मणी फुगायच्या वयात, आणि अशा वेळी कडाका पडला की फुगवण थांबते, मण्याला तडे जातात. मग पहाटे ठिबक चालू करायचं, कारण विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा उबदार असतं, आणि बागेत शेकोट्या पेटवायच्या. फार्महाऊससाठी प्लॉट बघायला आलेल्या मुंबईकराला मी म्हणतो, जानेवारीत पहाटे सहाला या. धुकं जिथं सगळ्यात शेवटी उठतं तो खोलगट भाग. पावसाळ्यात पाणीही बहुधा तिथंच तुंबतं. बहुतेक जण अकराला येतात, हुरड्याची चौकशी करतात आणि जातात. जो पहाटे येतो तो व्यवहार करतो, किंवा अजिबात करत नाही. मला दोन्ही चालतं.

आता कुटुंबाबद्दल. पौषात नवे व्यवहार थंड, पण डिसेंबर हा आमच्याकडे वाटण्यांचा महिना. कारण अमेरिकेतला, पुण्यातला, बंगळुरूचा मुलगा नाताळच्या सुट्टीत येतो. आई-वडील गेलेले, जुन्या नाशकातला वाडा किंवा कॉलेज रोडचा बंगला बंद. दोन आठवड्यांत वारसनोंद, हक्कसोडपत्र, मुखत्यारपत्र, सगळं उरकायचं असतं. त्या दोन आठवड्यांत मी माणसं जेवढी पाहतो तेवढी वर्षभरात पाहत नाही. भांडणं कमी होतात हो, लोकांना वाटतं तितकी होत नाहीत. जास्त वेळा काय होतं, तर भाऊ-बहिणी रिकाम्या घरात एकमेकांशी फार अदबीनं वागतात, पाहुण्यांसारखे.

ताबा देण्याआधी मी घराचे फोटो काढतो. विक्रीचे नव्हेत, ते आधीच झालेले असतात. हे त्या कुटुंबासाठी, प्रिंट काढून देतो, पैसे घेत नाही. सुरुवातीला मी दिवाणखाना काढायचो, सागवानी खांब काढायचो. मग लक्षात आलं की मागणी भलत्याच गोष्टींना असते. मोरीतला तांब्याचा बंब. जिन्याची एक विशिष्ट पायरी, जी वाजते. दाराच्या चौकटीवरच्या उंचीच्या खुणा. एका बाईंनी फक्त माजघरातला विजेचा बटनांचा लाकडी बोर्ड मागितला होता, का ते मी विचारलं नाही. आता मी त्यांनाच म्हणतो, तुम्ही दाखवा, मी काढतो. इथं वाइड अँगल नाही. साधी पन्नास मिलिमीटरची लेन्स, दिवे बंद, खिडकीतून येईल तो उजेड. थंडीचा कलता उजेड आत खोलवर जातो, जुन्या अंधाऱ्या खोल्यांना तोच बरा.

आणि या सगळ्यात बहिणी. कायद्यानं 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. व्यवहारात काय होतं तुम्ही जाणता. "ताईची सही तेवढी राहिलीय," असं मला फोनवर सांगतात, जसं काही झेरॉक्स राहिलीय. ताई येते, जेवते, सही करते, तिला साडी मिळते. कित्येक बहिणी हे मनापासून करतात, माहेर टिकावं म्हणून. तो हिशोब त्यांचा, मी बोलणारा कोण? पण दस्तावर सही होण्याआधी बहिणीला बाजूला बसवून तिच्या हिश्श्याची आजची किंमत आकड्यात सांगायची, हा नियम मी केला आहे. काही भाऊ रागावतात. एक-दोन गिऱ्हाइकं त्यापायी गेलीही.

आमच्याही घरात हा प्रश्न आहे. वडिलांची बाग, आम्ही दोन भाऊ, एक बहीण. धाकटा शेती करतो. परवा कडाक्याच्या रात्री शेकोट्या पेटवायला आम्ही सगळे तिथं होतो, बहीणही आली होती. पहाटे चहा घेताना धाकटा म्हणाला, "दादा, तू दलाल आहेस, एकदा किंमत काढून कागद करून टाक." मी माझ्या नियमाप्रमाणे बहिणीला तिचा आकडा सांगितला. तिनं तो नीट ऐकला, धाकट्याला म्हणाली, "बाग तूच कर, उत्पन्नही तूच घे, मला त्यातला रुपया नको. पण सातबाऱ्यावरचं माझं नाव मी काढू देणार नाही." धाकटा गप्प बसला, मग त्यानं तिचा कप भरला. धाकट्याची बायको मात्र बहिणीच्या बाजूची निघाली.

तेव्हा आमच्या उताऱ्यावर आजही तिघांची नावं आहेत. आता कुणाला प्रश्न असतील तर विचारा. भाव सोडून.