माती ते सोने: शब्दशिडीत कोणता शब्द चालतो?

आज शब्दशिडीबद्दल बोलायचं आहे. दोन शब्द घ्यायचे, समजा माती आणि सोने. एका वेळी एकच बदल करत पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायचं, आणि मधला प्रत्येक शब्द खरा असला पाहिजे. खेळ एवढाच आहे. सगळी गंमत आणि सगळी भांडणं त्या ‘खरा’ या शब्दात आहेत.

मी आधी केलेली शिडी अशी होती: माती, मानी, सानी, साने, सोने. चार बदल. कागदावर फार देखणी दिसली, पण रात्रभर मला खटकत राहिली. मानी ठीक आहे, मानी माणूस आपण म्हणतो. पण सानी, साने? साना म्हणजे लहान, हा शब्द जुन्या कवितेत भेटतो. आज ‘साने घर’ कोण म्हणतं? साने हे आडनाव आहे म्हणावं, तर विशेषनामं बाद. ती घेतली की खेळ संपलाच, कारण कुठलंही अक्षर कुणाच्या तरी नावात सापडतंच.

हा खेळ लुइस कॅरल यांचा, म्हणजे ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणाऱ्या चार्ल्स डॉजसन यांचा. १८७७ च्या नाताळात दोन मुलींना करमत नव्हतं, त्यांच्यासाठी त्यांनी तो रचला. १८७९ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ या साप्ताहिकात तो ‘डब्लेट्स’ या नावानं आला. मधले शब्द सभ्य समाजात वापरता येतील असे इंग्रजी शब्द असावेत, असा त्यांचा नियम होता. तेवढ्यानं भागणार नव्हतं, म्हणून या खेळाच्या पुस्तिकेत त्यांनी चालणाऱ्या शब्दांची सूचीच जोडली. ‘पिग’ला ‘स्टाय’मध्ये, म्हणजे डुकराला त्याच्या खुराड्यात पोचवणारी त्यांची शिडी बघा: पिग, विग, वॅग, वे, से, स्टाय. ‘से’चा ‘स्टाय’ होताना स्पेलिंगमधलं एकच अक्षर बदलतं, पण कानाला मात्र दुसराच शब्द ऐकू येतो.

मराठीत लिहिणं आणि बोलणं बरंचसं हातात हात घालून चालतं, म्हणून आपली अडचण वेगळी आहे. एक बदल म्हणजे किती? अख्खं अक्षर बदलू दिलं तर पाणी, वाणी, वारा अशी दोन उड्यांत शिडी होते, आणि दोन अक्षरी शब्दांचा खेळ पोरकट होऊन बसतो. म्हणून मी व्यंजन आणि स्वर वेगळे मोजतो: पाणी, वाणी, वारी, वारा. जोडाक्षर मात्र मी फोडत नाही, ते एकच व्यंजन धरतो. ऱ्हस्व-दीर्घ हाही बदलच. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. त्यांना एक मानलं तर भाषेवर अन्याय होईल.

रात्रीपासून दिनापर्यंत जाताना मी बराच काळ रात, दात, दान, दिन असा जात होतो. पण साध्या गद्यात आपण ‘रात’ लिहीत नाही, रात्र लिहितो. तो शब्द सोडायचा ठरवलं तेव्हा कुठे हे दिसलं: रात्र, रान, दान, दिन. इतके दिवस सुरुवातीचा शब्दच मी सोयीपुरता बदलून घेतला होता.

रूपांचं काय? घर, दर, दार ही शिडी निर्दोष आहे. ‘घरा’ मी घेत नाही, कारण पुढे ला किंवा त लागल्याशिवाय ते उभं राहत नाही. ‘कर’, ‘धर’, ‘बस’ ही आज्ञा घेतो. ‘बस’ हे तर एकट्यानं पुरं वाक्य आहे. ‘घरी’बद्दल माझं मन अजून डळमळतं. सोनं की सोने, हे खेळ सुरू होण्याआधी ठरवावं आणि शेवटपर्यंत पाळावं.

काही शब्दांना शेजारीच नसतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी पाच अक्षरी ५,७५७ इंग्रजी शब्द असे जोडून पाहिले. त्यांतले ६७१ एकटे निघाले. अशा शब्दांना त्यांनी ‘अलूफ’ म्हटलं, म्हणजे अलिप्त, आणि ‘अलूफ’ हा शब्दही त्या एकट्यांतलाच.

आता पुन्हा मातीकडे येतो. सानी-साने टाकून दिल्यावर मला मिळालेली शिडी अशी: माती, मोती, मोळी, टोळी, टोपी, सोपी, सोपे, सोने. ‘सोपे’ हे रूप आहे खरं, पण ‘हे सोपे आहे’ असं आपण रोज लिहितो, त्याला कुणाचा आधार लागत नाही. चाराचे सात बदल झाले. पण पहिल्याच बदलात मातीचा मोती होतो, आणि तो माझ्या आधीच्या शिडीत नव्हता.