भिंगऱ्या आल्या

श्रोतेहो, नमस्कार.

आज सकाळी भांडुप पम्पिंग स्टेशनच्या रस्त्याला तारेवर मी 43 भिंगऱ्या, म्हणजे स्वॅलो पक्षी, मोजल्या. परवा तिथं एकही नव्हती.

एक खूण आधी सांगतो. तारेवर ओळीनं बसते ती भिंगरी. तारेवर कधीच बसत नाही ती पाकोळी, म्हणजे तिच्यासारखाच दिसणारा स्विफ्ट पक्षी. पाकोळीच्या पायाची चारही बोटं पुढे वळलेली असतात. तिला भिंतीला लटकता येतं, तारेवर बसता येत नाही. पुलाखाली, जुन्या इमारतींच्या छज्ज्याखाली पिसं आणि गवत लाळेनं चिकटवून ती घरटं करते आणि बारा महिने मुंबईतच राहते. भिंगरी मात्र जाते आणि परत येते. पाठ चमकदार निळी-काळी, कपाळ आणि गळा विटकरी, शेपटीला दोन लांब काड्या. पुन्हा सांगतो, तारेवर बसली ती भिंगरी.

हे मला शिकवलं माझ्या आत्यानं. ती कांजूरच्या मिठागराच्या अंगाला एका चाळीत राहायची. स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय. चौकटीचौकटीत दुधाचा हिशेब, सिलिंडर कधी लावला, कामवालीचे खाडे. आणि दरवर्षी गणपतीच्या मागे-पुढे एका चौकटीत निळ्या पेनानं लिहिलेलं असायचं, 'भिं. आ.' लहानपणी मी ते 'भिशी आली' असं वाचायचो.

2005 साली 26 जुलैला तिच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. धान्य गेलं, गाद्या गेल्या. कालनिर्णय खिळ्यावर उंच होतं म्हणून वाचलं, फक्त खालची कड चिखलानं तांबडी झाली. त्यानंतर कितीतरी दिवस चौकटी कोऱ्या. ना दूध, ना खाडा. मग एकदम 9 सप्टेंबरला, 'भिं. आ.'

मी म्हटलं, "अगं आत्या, घरात गादी नाही आणि तुझं लक्ष तारेवर?"

ती म्हणाली, "अरे, तारच तुटली होती ना! ह्या येतील आणि बसतील कुठं, हा घोर लागला होता मला. आदल्या दिवशी वायरमन नवी तार ओढून गेला. सकाळी दूध घ्यायला बाहेर आले, तर नव्या तारेवर सहाजणी बसलेल्या."

मी सहज म्हटलं, "म्हणजे पाहुण्या आल्या म्हणायच्या." त्यावर ती चिडली. हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "बाळंतपणाला बाई कुठं जाते? माहेरी. ह्यांची बाळंतपणं होतात तिकडं वर. म्हणजे ते माहेर. सात-आठ महिने राहतात इथं, तो संसार. संसार करणारीला पाहुणी म्हणतात का कुणी?"

श्रोतेहो, तेव्हापासून 'पाहुणे पक्षी' हा शब्द मी सोडला. वर्तमानपत्रांनीही सोडावा असं मला मनापासून वाटतं. हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे, मध्य आशियाच्या बाजूला, त्यांची मातीची घरटी असतात. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या तिकडे निघतात आणि पावसाळा सरताना परततात. वजन म्हणाल तर साधारण 20 ग्रॅम. पाणीसुद्धा उडता उडताच पितात, चोच पाण्याला घासून. खाणं म्हणजे उडते किडे, माश्या, चिलटं. त्यांना आपल्या हातचं काही लागत नाही. आणि हो, मरीन ड्राइव्हला कुरवांना, म्हणजे सीगलना, शेव-गाठ्या टाकतात ना, ते कृपा करून थांबवा. तेलकट, खारट खाणं पक्ष्यांचं नाही. पुण्य करायचंच असेल तर गच्चीत मातीच्या परळात पाणी ठेवा.

भिंगऱ्यांना हवी असते मोकळी, ओली जमीन. मिठागरं, खाडीकाठ, पाणथळ. तिथं किडे असतात, म्हणून तिथं भिंगऱ्या. मिठागरावर भराव टाकण्याची बातमी आली की मला आधी ती चाळीपुढची तार आठवते.

उद्या सकाळी तारेकडे बघाल तेव्हा शेपट्या नीट पाहा. काहींच्या काड्या आखूड असतील, गळ्याचा विटकरी रंग फिका असेल. ती यंदाची पिल्लं. अंड्यातून बाहेर येऊन काही महिनेच झालेत, आणि मुंबई ती पहिल्यांदा पाहतायत. आज मी मोजलेल्या 43 मध्ये अशी 11 होती. घरी येऊन कालनिर्णयावर तेवढं लिहिलं, निळ्याच पेनानं.

नमस्कार.