राणीच्या बागेत झाडं बघायला चला

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत लहानाचा मोठा झालेला माणूस राणीच्या बागेत गेलाच नाही, असं सहसा होत नाही. शाळेची सहल असो, मे महिन्याच्या सुट्टीत मामाने नेलेलं असो, नाहीतर गावाहून आलेल्या पाहुण्यांना मुंबई दाखवायची असो. भायखळ्याला उतरून त्या फाटकातून आपण एकदा तरी आत गेलेलो असतो. आत काय पाहिलंत, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. हत्ती, पाणघोडा, माकडं. आजच्या मुलांना विचारलं तर पेंग्विन. झाडाचं नाव कुणी काढत नाही.

आज मला त्या झाडांबद्दलच बोलायचं आहे. आणि ती कुणी जाणत्याने सोबत येऊन दाखवली तर काय घडतं, त्याबद्दलही.

राणीची बाग प्राण्यांसाठी उभी राहिलीच नव्हती. पश्चिम भारताच्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची एक बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि सोसायटीला माझगाव-भायखळ्याच्या माउंट इस्टेटवर 33 एकर जमीन मिळाली. तिथे ही बाग आकाराला आली आणि 19 नोव्हेंबर 1862 या दिवशी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. नाव ठेवलं व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणून आपल्या लोकांनी तिला म्हटलं राणीची बाग. देशोदेशींची झाडं लावायची, ती इथल्या हवेत कशी जगतात ते पाहायचं, लोकांना दाखवायची, हा त्यामागचा हेतू. 1873 मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. प्राण्यांसाठी आणखी 15 एकर जोडले गेले ते त्यानंतर, 1890 च्या सुमाराला. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि प्राणिसंग्रहालय आहे. झाडं मात्र तेव्हापासून उभी आहेत. त्यांतली काही जुनी झाडं आपल्या पणजोबांनीही पाहिलेली असतील.

आता तुम्हाला त्या झाडांपाशी घेऊन जातो.

सुरुवात गोरखचिंचेपासून करू, कारण ती चुकवणं शक्यच नाही. अवाढव्य खोड, राखाडी साल, आणि वर त्या मानाने तोकड्या फांद्या. मूळची आफ्रिकेची. समुद्रमार्गे येऊन ती आपल्या किनाऱ्यावर रुजली. त्या फुगीर खोडात ती पाणी साठवते, म्हणून कोरड्या महिन्यांत पानं पूर्ण झडली तरी झाड तग धरतं. पावसाच्या तोंडावर पालवी येते, पंजासारखी पसरलेली पानं दिसू लागतात, आणि मग फुलं. लांब देठाला उलटी लोंबणारी पांढरी, मोठी फुलं. ती उमलतात संध्याकाळी, कारण त्यांच्याकडे येणारी पाहुणी म्हणजे वटवाघळं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली पाकळ्यांचा सडा पडलेला असतो. सकाळच्या फेरीला गेलात तर खाली पडलेलं फूल हातात घेऊन बघा. पुंकेसरांचा तो भरगच्च गोंडा जवळून पाहिल्यावर या झाडाला पुन्हा कुणी नुसतं जाडं झाड म्हणणार नाही.

आणि उर्वशी. या बागेतलं माझं सगळ्यात लाडकं झाड. शास्त्रीय नाव अ‍ॅमहर्स्टिया नोबिलिस. ब्रह्मदेशातलं झाड. 1820 च्या दशकात नॅथॅनिएल वॉलिच हे वनस्पतिशास्त्रज्ञ साल्विन नदीच्या बाजूला हिंडत असताना त्यांना एका ओसाड पडत चाललेल्या मठाच्या बागेत याची दोन झाडं दिसली. जवळच्या गुहेत बुद्धमूर्तींपुढे याच झाडाची ओंजळभर फुलं वाहिलेली होती. त्यांनी झाडाला गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नीचं आणि मुलीचं नाव दिलं. पुढे लोकांनी रानात शोध घेतला तेव्हा हे झाड तिथे फारच क्वचित आढळलं. म्हणजे जगाला या झाडाची ओळख झाली ती जंगलातून नव्हे, कुणीतरी भक्तिभावाने राखलेल्या बागेतून. रानात एखादं झाड संपत आलं तरी बागेत ते टिकून राहतं, हे उर्वशीकडे बघून पटतं.

थंडी सरता सरता उर्वशीचे फुलोरे फांद्यांवरून खाली लोंबू लागतात. हातभर लांब दांडा, त्याला दोन्ही बाजूंनी तांबड्या देठांची फुलं, आणि मधल्या मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. पण फुलं नसतील तरी नाराज होऊ नका, नवी पालवी बघा. कोवळी पानं आधी ताठ नसतातच. तांबूस तपकिरी रंगाची, मऊ, लुळी, अख्खा झुबका खाली लोंबत असतो. पाणी मिळालं नाही म्हणून झाड सुकलं, असंच पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं. काही दिवसांनी त्या पानांत हिरवा रंग भरतो आणि ती ताठ होतात.

सीतेच्या अशोकाची पालवीही अशीच लोंबते, तोही याच कुळातला. इथे थोडं थांबून सांगायला हवं. आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला जी उंच, सरळसोट, लांब पानांची झाडं असतात त्यांना आपण अशोक म्हणतो. तो खोटा अशोक, आसुपालव. रामायणातला, बुटका, पसरलेला, केशरी-तांबड्या फुलांच्या गुच्छांनी भरून जाणारा खरा अशोक राणीच्या बागेत आहे. दोघांची पानं शेजारी शेजारी धरून दाखवली की माणसं चकित होतात, आणि घरी जाऊन आपल्या गेटजवळच्या झाडाकडे नव्याने बघतात.

कृष्णवड मुलांना दाखवावा. त्याच्या पानाची खालची बाजू दुमडून द्रोण झालेला असतो. कृष्णाने लोणी लपवलं ते याच पानात, ही गोष्ट आजी सांगायची ती इथे हाताने तपासता येते. पान तोडायचं नाही, खाली पडलेलं घ्यायचं आणि द्रोणात बोट घालून बघायचं.

कैलासपतीपाशी तर डोळे मिटून उभं राहावं. फुलं फांद्यांना नाही, थेट खोडातून निघालेल्या दांड्यांना येतात, आणि सकाळी त्यांचा वास लांबूनच येतो. पिंपळपानाएवढी मोठी फुलं नाहीत ती, पण मधला केसरांचा फणा असा काही वळलेला असतो की खाली पिंडी आणि वर नाग, असंच लोकांनी पाहिलं. म्हणून शिवमंदिरांजवळ हे झाड आवर्जून लावतात. खरं तर ते दक्षिण अमेरिकेतून आलेलं. तोफगोळ्याएवढी फळं खाली पडून फुटली की गराला मात्र दुर्गंधी सुटते, तेव्हा पावलं जपून टाका.

झाडं बघता बघता बागेतला इतिहासही वाटेत भेटतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचं संग्रहालय बागेच्या दाराशीच आहे. ते 1872 मध्ये उघडलं तेव्हा व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम होतं, भाऊ दाजींचं नाव त्याला 1975 मध्ये मिळालं. त्याच्या बाहेरचा दगडी हत्ती घारापुरीचा. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच हा. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता. उचलताना क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले, आणि ते तुकडे बागेत आले. 1914 मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. काळा घोडा परिसराला ज्याचं नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळाही 1965 पासून इथे आहे. काळा घोडा बघायला काळा घोड्याला जाणाऱ्यांना हे सांगितलं तर विश्वास बसत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी बोलायला बसलो त्याकडे येतो. 2007 च्या सुमाराला या बागेचं रूपांतर मोठ्या आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयात करायचा आराखडा पुढे आला. नव्या पिंजऱ्यांना आणि रस्त्यांना जागा लागणार, म्हणजे झाडांवर संकट येणार, हे उघड होतं. त्या वेळी आवाज उठवला तो सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या, वर्षानुवर्षं ही झाडं ओळखणाऱ्या नागरिकांनी. ‘राणीबाग वाचवा’ म्हणत त्यांनी नुसत्या सह्या गोळा केल्या नाहीत. झाडं मोजली, त्यांची नावं लिहिली, कुठलं कुठे आहे ते नोंदलं. तीन हजारांहून अधिक झाडं, अडीचशेच्या वर जाती. अशी यादी हातात असली की ‘थोडी झाडं जातील’ असं मोघम बोलता येत नाही. कुठली थोडी, असा प्रश्न विचारता येतो. हा प्रश्न वारसा समितीपुढे आणि पालिकेपुढे गेला, आणि तो आराखडा मूळ रूपात झाला नाही. त्याच लोकांनी पुढे लोकांना बागेतून फिरवून झाडं दाखवायला सुरुवात केली.

माझं म्हणणं असं आहे की ही फेरी म्हणजे रविवारची करमणूक नव्हे. हे राखणीचं काम आहे. ज्याने उर्वशीचा फुलोरा जवळून पाहिलाय, तो तिच्या बुंध्याशी सिमेंट ओतलं जाताना गप्प बसत नाही. बुंध्याभोवती फरशी घट्ट बसवली की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, आणि झाड काही वर्षांनी वादळात उन्मळून पडतं. मग आपण वाऱ्याला दोष देतो. खोडावर खिळे ठोकणं, नावं कोरणं, दिव्यांच्या माळा आवळून बांधणं, हे सगळं रोजच दिसतं. ते थांबवायला पहारेकरी पुरणार नाहीत. ओळख असलेली माणसं हवीत.

अशी फेरी कशी असावी, याबद्दलही माझी मतं आहेत. पंधरा-वीस माणसांहून जास्त नको, मागच्याला ऐकू येत नाही. दीड तासात दहा-बारा झाडं झाली तरी पुष्कळ. शास्त्रीय नावांची यादी घोकवू नये. एका झाडापाशी दहा मिनिटं थांबावं, साल हाताने चाचपावी, पडलेलं पान चुरगाळून वास घ्यावा, वर घरटं आहे का ते बघावं. ज्यांना दिसत नाही अशा मंडळींसाठी तर वासाच्या आणि स्पर्शाच्या झाडांची वेगळी फेरी काढावी, राणीच्या बागेत त्यासाठी हवं ते सगळं आहे.

आणि एक गोष्ट मनापासून वाटते. बागेतल्या माळ्यांना पुढे आणायला हवं. कुठलं झाड यंदा उशिरा फुललं, कुठल्याला वाळवी लागली, कुठल्या फांदीवर दरवर्षी शिंजीर घरटं करतो, हे पुस्तकांना ठाऊक नसतं, माळ्यांना असतं. त्यांनी आपल्या मराठीत घेतलेली फेरी ऐकायला मी कामधंदा सोडून जाईन. त्यांना थोडं प्रशिक्षण द्यावं, या कामाचा वेगळा मोबदला द्यावा. बागेसमोरच्या रस्त्याला संत सावता माळी यांचं नाव आहे, तेव्हा ही मागणी तिथे कुणाला जड वाटू नये.

हे मुंबईपुरतं नाही. पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे, जिथे तीच जुनी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी अजून बाग सांभाळते आणि जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला पुष्पप्रदर्शन भरवते. तिथल्या गारंबीच्या वेलीचं खोड बघून हा वेल आहे यावर विश्वास बसत नाही. नागपूरला महाराजबाग आहे, कोल्हापूरला टाऊन हॉलची बाग आहे. तुमच्या गावातही एखादी जुनी बाग असेलच. तिथली वीस झाडं ओळखणारा माणूस शोधा, निवृत्त झालेले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नाहीतर बागेतलेच माळीकाका, आणि महिन्यातून एक सकाळ त्यांच्याबरोबर फिरा.

राणीच्या बागेत यायचं असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. नागरिकांचे गट, निसर्गप्रेमी संस्था आणि संग्रहालय वेळोवेळी फेऱ्या ठेवतात, त्यांची चौकशी आधी करून या. थंडी सरत असताना आलात तर उर्वशी फुललेली मिळेल, आणि त्याच सुमाराला पालिकेचं झाडाफुलांचं वार्षिक प्रदर्शनही इथे भरतं, मुंबईकर तिथे गर्दी करतात. मार्चमध्ये सीतेचा अशोक, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि आपलं राज्यफूल ताम्हण. पावसाळा ओसरताना मादागास्करहून आलेल्या कॉल्व्हिलियाचे केशरी घोस. पायात चपलेऐवजी बूट घाला, जवळ पाण्याची बाटली आणि एक लहान वही ठेवा. मुलांना नक्की आणा. पेंग्विन आधी दाखवून टाका म्हणजे मग ती निवांतपणे झाडांकडे वळतील. आणि जूनमध्ये गोरखचिंच फुलेल तेव्हा सकाळी लवकर या, ऊन चढलं की पाकळ्या तपकिरी पडतात.

नमस्कार.