एकाच जॉबमधले दोन जमाने

(काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. कर्सर लुकलुकतोय.)

हा आयबीएमच्या एएस/४०० घराण्यातल्या मशीनवर चाललेल्या एका जॉबचा, म्हणजे एका कामाचा, कॉल स्टॅक. कोणी कोणाला बोलावलं त्याची वंशावळ म्हणा हवं तर. वर मेनू, त्याखाली सीएल, म्हणजे सिस्टीमला हुकूम देणाऱ्या भाषेतला, एक प्रोग्राम, सगळ्यांत खाली आरपीजी, म्हणजे व्यवसायाच्या कामांसाठीच्या भाषेतला. आता एफ११ दाबल्यावर काय होतं ते बघा. नवा रकाना आला, ॲक्टिव्हेशन ग्रुपचा, म्हणजे प्रोग्राम जॉबच्या आत कुठल्या खोलीत चालतोय त्याचा. मेनूसमोर डिफॉल्ट. आरपीजीसमोर डिफॉल्ट. मधल्या सीएलसमोर मात्र क्यूआयएलई, नाव दिलेला वेगळा ग्रुप.

ही मधली ओळ लक्षात ठेवा.

(छापील सोर्स. एक बोट रकान्यांवरून सरकतं.)

हा त्या आरपीजीचा सोर्स, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर, आरपीजी ३ या जुन्या आवृत्तीतला. इथे अक्षर कितव्या रकान्यात पडलं त्यावर त्याचा अर्थ ठरतो. फील्डच्या नावाला ६ अक्षरं मिळतात, त्यात काय बसवायचं ते बसवा. १९८८ मध्ये आयबीएमने एएस/४०० बाजारात आणलं, तेव्हा सिस्टीम/३८ कडून वारशाने आलेली रीत हीच होती: एक सोर्स कंपाइल करायचा, एक प्रोग्राम मिळायचा. दुसऱ्या प्रोग्रामची गरज पडली तर चालता चालता त्याला नावाने शोधून बोलवायचं. या रीतीला तेव्हा वेगळं नाव असायचं कारणच नव्हतं. नवी आली, म्हणून ही ‘ओरिजिनल’ ठरली. ओरिजिनल प्रोग्राम मॉडेल, म्हणजे ओपीएम.

नवी म्हणजे आयएलई, इंटिग्रेटेड लँग्वेज एन्व्हायर्नमेंट. १९९३ मध्ये ती सी भाषेबरोबर आली, १९९४ मध्ये आरपीजी ४ बरोबर. हिच्यात कंपाइल केल्यावर मॉड्यूल मिळतं, आणि नुसतं मॉड्यूल चालत नाही. मॉड्यूलं एकत्र बांधली की प्रोग्राम होतो. सगळ्यांना लागणारी कामं सर्व्हिस प्रोग्राममध्ये जातात. शिवाय प्रोग्राम कुठल्या ॲक्टिव्हेशन ग्रुपमध्ये चालणार, हे बनवतानाच सांगायचं असतं. हा ग्रुप म्हणजे जॉबच्या आतली वेगळी खोली. त्या प्रोग्रामची स्टॅटिक व्हेरिएबल्स, त्याने उघडलेल्या फाइली, त्याचे ओव्हरराइड (‘ही फाइल नको, ती उघड’ असे निरोप), सगळं त्या खोलीत. ओपीएमला ही निवड नाही. तो कायम डिफॉल्ट ग्रुपमध्ये, आणि तो ग्रुप जॉब संपेपर्यंत मोडत नाही.

(मशीन रूम. दिव्यांची रांग. कॅमेरा सावकाश पुढे.)

हे मशीन त्या आरपीजीपेक्षा वयाने कितीतरी लहान. तरी त्याच्यावर तो बिनतक्रार चालतो. जुन्या कंपाइलरने प्रोग्राम थेट प्रोसेसरच्या बोलीत लिहिलाच नव्हता. मध्ये एक यंत्रनिरपेक्ष भाषा होती, आणि त्या भाषेतला मसुदा प्रोग्रामच्या पोटातच जपून ठेवता यायचा. १९९५ मध्ये सिस्टीम ४८ बिटांच्या प्रोसेसरवरून ६४ बिटांच्या पॉवरपीसीवर गेली, तेव्हा त्या मसुद्यावरून सिस्टीमनेच प्रोग्रामचं नव्याने भाषांतर केलं. मसुदा कोणी काढून टाकला नसेल, तर सोर्स हरवलेले प्रोग्रामही तरले. ‘जुनं आहे ना, मग फेका आणि पुन्हा लिहा’ असं बैठकीत सहज म्हणणाऱ्यांनी हे दिवे जरा वेळ बघावेत.

(सीएलचा सोर्स. एका ओळीवर प्रकाश.)

आता ती मधली ओळ. हा सीएल अलीकडे आयएलईमध्ये आणला. काम साधं: ‘फाइल उघडायला गेलास, तर चालू वर्षाऐवजी मागच्या वर्षाची उघड’ असा ओव्हरराइड द्यायचा आणि आरपीजीला बोलवायचं. सीएल जुना होता तेव्हा हा ओव्हरराइड कॉल लेव्हलचा असायचा. म्हणजे खाली ज्याला ज्याला बोलावलं, त्या सगळ्यांना लागू. सीएल नव्या खोलीत गेला, आणि तीच ओळ, एक अक्षरही न बदलता, त्या खोलीपुरती झाली. आरपीजी बसलाय डिफॉल्टमध्ये. त्याच्यापर्यंत निरोप पोहोचलाच नाही. त्याने चालू वर्षाची फाइल उघडली. दोन्ही फाइलींची रचना एकच, त्यामुळे एररसुद्धा आली नाही.

रिपोर्ट चुकीच्या वर्षाचा निघाला, पुढे पाठवलाही गेला, मग मागे घेतला.

(कीबोर्डवरचे हात.)

दुरुस्ती एका शब्दाची. ओव्हरराइडची व्याप्ती स्पष्ट लिहायची: कॉल लेव्हल. मग खोली कुठलीही असो, खालच्या सगळ्यांना तो लागू होतो आणि सीएल संपला की आपोआप जातो. ‘जॉब’ लिहूनही चाललं असतं, पण मग तो ओव्हरराइड आठवणीने काढावा लागतो. आणि आठवणीवर सोडलेली कामं कशी होतात, ते सगळ्यांना माहीत आहे.

(आता मेनूचा सोर्स.)

मेनूच्या शेवटी ही ओळ आहे, रिक्लेम रिसोर्सेस. ओपीएमच्या काळातला झाडू. उघड्या राहिलेल्या फाइली बंद करा, जागा मोकळी करा. नाव दिलेल्या ॲक्टिव्हेशन ग्रुपमध्ये हा झाडू शिरत नाही. तिथे रिक्लेम ॲक्टिव्हेशन ग्रुप लागतो. म्हणून नवा आरपीजी एलआर, म्हणजे ‘काम संपलं’ अशी खूण, न लावता परतला असेल, तर त्याच्या फाइली उघड्याच राहतात आणि पुढच्या कॉलला मागची बेरीज तशीच हातात येते. कमिटचंही, म्हणजे फाइलींमधले बदल पक्के करण्याचंही, तेच. दोन खोल्यांनी आपापलं कमिटमेंट कंट्रोल सुरू केलं, तर एकीचा रोलबॅक, म्हणजे बदल मागे घेणं, दुसरीला कळत नाही: बिल राहतं, त्याच्या ओळी जातात.

(कंपाइल संपल्याचा मेसेज. परत कॉल स्टॅक, एफ११.)

रकान्यात काही बदललेलं दिसत नाही. डिफॉल्ट, क्यूआयएलई, डिफॉल्ट. आरपीजीने या वेळी मागच्या वर्षाची फाइल उघडली आहे. त्याचं आरपीजी ४ मध्ये रूपांतर पुढच्या यादीत आहे. मेनूचं नाव त्या यादीत नाही.