एमआरआयच्या बोगद्यात जीव घाबरतो? ओपन एमआरआयबद्दल आधी विचारा

हा नागपूरच्या धंतोलीचा, दवाखान्यांचा रस्ता, सकाळचे आठ वाजून राहिले अन् आत्ताच दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्यात. काखेत फाइली, एक्स-रेची मोठी पाकिटं. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, तिकडून छिंदवाडा, बालाघाटचे पेशंट पण इथंच येतात.

माझी मोठी मावशी पण अशीच आली होती, कमरेतून पायात जाणारी कळ घेऊन. डॉक्टरांनी एमआरआय, म्हणजे चुंबकाच्या मशीनमधून शरीराच्या आतलं चित्र, लिहून दिला. टेबल आत सरकलं, नाकापासून वीतभरावर छत, आणि दोन मिनिटांत तिनं बाहेर काढा म्हणून सांगायचा हातातला रबरी फुगा दाबला. बाहेर आली तेव्हा पदर घामानं ओला. तिथला एक जण म्हणाला, मावशी, लहान पोरं झोपतात यात. ते तिला फार लागलं, घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि मग दीड महिना तपासणीचं नावच काढलं नाही, तोवर पायाच्या मुंग्या वाढतच गेल्या.

ही भीती खरी असते हो. नेहमीच्या मशीनचा बोगदा साधारण ६० सेंटीमीटर रुंद, आत वीस मिनिटं ते पाऊण तास हलायचं नाही, वरून ठकठक आवाज. १९७७ च्या जुलैमध्ये अमेरिकेत डॉ. रेमंड डमाडियन यांनी माणसाच्या शरीराचा पहिला स्कॅन काढला ना, तेव्हा ते आधी स्वतःच बसले होते, पण अंगाभोवतीच्या, सिग्नल पकडणाऱ्या तारेच्या कॉइलसाठी त्यांचं अंग जाड पडलं, सिग्नलच मिळाला नाही, मग त्यांचा सडपातळ सहकारी बसला आणि जवळपास पाच तासांनी चित्र आलं. म्हणजे जागेची अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे. पुढे त्यांच्याच कंपनीनं उघड्या मशीनही बनवल्या.

ओपन एमआरआय म्हणजे काय, तर एक चुंबक वर, एक खाली, मधे तुम्ही, आणि बाजू मोकळ्या. मान वळवायची नाही, पण डोळ्यांच्या कडेनं खोली दिसते. जाड माणसाला, लहान लेकराला, बंद जागेत गुदमरणाऱ्याला हे फार सोपं जातं. पण एक गोष्ट लपवून सांगणं बरोबर नाही. चुंबकाची ताकद टेस्लामध्ये मोजतात; बऱ्याच ओपन मशीनची ताकद ०.२ ते ०.४ टेस्ला असते, बोगद्याची १.५ किंवा ३. ताकद कमी तर सिग्नल कमी, म्हणून वेळ जास्त लागू शकतो आणि बारीक तपशील तेवढा येत नाही. गुडघा, खांदा, कमरेच्या मणक्यांमधली गादी (डिस्क), यात पुष्कळदा काम भागतं, पण मेंदूतली बारीक गाठ, हृदय, प्रोस्टेट असं काही असेल तर डॉक्टर मोठ्या ताकदीचंच मशीन सांगतील, आणि ते ऐकायचं. मधला रस्ता पण आहे, ७० सेंटीमीटरचा रुंद बोगदा, ताकद पूर्ण. गुडघ्याचा स्कॅन असेल तर पाय आधी आत जातात, डोकं बहुतेक बाहेरच राहतं. अगदीच जमत नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत झोपेचं औषध देतात.

आणि ओपन म्हणजे चुंबक हलकं, मोबाईल चालतो, असं समजू नका बाप्पा. ०.३ टेस्ला म्हटलं तरी पृथ्वीच्या चुंबकापेक्षा हजारो पट. मंगळसूत्र, जोडवी, साडीची सेफ्टी पिन, सगळं बाहेर. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, पायातला रॉड, काहीही असेल ते आधीच सांगा, कार्ड असेल तर दाखवा.

नंबर लावताना फोनवरच विचारा, मशीन किती टेस्लाची आहे, बोगदा किती रुंद, सोबत कोणी बसू शकतं का. आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांना म्हणा, मला बंद जागेची भीती आहे, ओपनवर चालेल का. लाजायचं काही कारण नाही.

मावशीच्या डॉक्टरांनी विचारल्यावर लगेच सांगितलं, गादीसाठी ओपनवर करून बघू. मी कानात बोळे घालून तिच्या बाजूला बसलो, तिचा हात माझ्या हातात. चाळीस मिनिटं. फुगा एकदाही दाबला नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "भिंत दिसून राहिली होती रे, मले तेवढंच पुरलं."

रिपोर्टमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दाबलेली निघाली. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपी सुरू झाली.