वर्गात पहिला आलेला बिट्झर

नमस्कार मंडळी! शाळेत तपासणी चालू आहे. शाळेचे सर्वेसर्वा ग्रॅडग्राइंड बोट दाखवतात, "वीस नंबर! घोडा म्हणजे काय?" मुलीच्या तोंडून शब्द फुटत नाही. ही सिसी ज्यूप सर्कशीतली, बापाचं पोटच घोड्यांवर चालतं! मग बिट्झर नावाचा पोरगा घडाघडा म्हणतो: चतुष्पाद, तृणभक्षी, दात चाळीस, पैकी दाढा चोवीस... आणि सिसीलाच सुनावलं जातं, "कळला आता घोडा?"

ही चार्ल्स डिकन्सची कादंबरी 'हार्ड टाइम्स'. 1854 साली त्याच्याच साप्ताहिकात क्रमशः आली. (त्याच वर्षी मुंबईत कावसजी दावरांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली.) कोकटाउन हे धुराचं, गिरण्यांचं गाव काल्पनिक आहे. पण डिकन्सचा खरा राग धुरापेक्षा हिशेबावर आहे. इंग्रज विचारवंत बेन्थमचा उपयुक्ततावाद सांगतो, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख बघा. ऐकायला छान! ग्रॅडग्राइंडच्या हाती मात्र त्याची नुसती खतावणी होते. बेन्थमवर हा थोडा अन्यायच, पण खतावणीवाले तेव्हा खरंच होते.

सिसीला वर्गात विचारतात, दहा लाखांच्या शहरात वर्षाला फक्त पंचवीस माणसं उपासमारीनं मेली, तुझं मत काय? ती म्हणते, बाकीचे दहा लाख असोत नाहीतर कितीही, मेले त्यांना त्रास तेवढाच झाला असणार. उत्तर चूक!

बिट्झर पुढे बँकेत चिकटतो. ग्रॅडग्राइंडच्या मुलानं त्याच बँकेत चोरी केलेली असते, आणि बिट्झर त्याला पकडायला येतो. बाप गयावया करतो, "तुला हृदय आहे का रे?" बिट्झर शांतपणे म्हणतो, त्याशिवाय रक्ताभिसरण कसं होईल? शाळेचे उपकार? फी भरली होती, व्यवहार संपला. अख्ख्या कादंबरीत याच्या तोडीचं पान नाही.

कामगारांच्या बाबतीत मात्र डिकन्स कच्चा पडतो. स्टीफन ब्लॅकपूल हा विणकर इतका सोशिक की राग येतो, आणि युनियनचा पुढारी स्लॅकब्रिज म्हणजे नुसता तोंडपाटीलकी करणारा. खरं तर जानेवारी 1854 मध्ये डिकन्स प्रेस्टन या इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या गावातला संप बघून आला होता आणि तिथल्या कामगारांच्या शिस्तीबद्दल त्यानं चांगलंच लिहिलं होतं. कादंबरीत ती शिस्त गायब आहे.

वाचायची असेल तर घाबरू नका, डिकन्सच्या मानानं ही छोटीच आहे. सगळी जमणार नसेल, तर पहिल्या भागातलं नववं प्रकरण तेवढं काढा. सिसीची गणितं तिथंच आहेत.