ड्रम शोधू नका

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील, भांडी राहिली असतील तर रेडिओ ओट्यापाशीच घेऊन जा, कारण आज जरा लांबचं सांगणार आहे, पार कॅलिफोर्नियातलं.

तर तिकडे सॅन डिएगोच्या वरच्या अंगाला समुद्राकाठी कार्ल्सबॅड म्हणून गाव आहे, तिथे एक पिझ्झाचं हॉटेल होतं आणि त्याचं नाव ‘दॅट पिझ्झा प्लेस’, म्हणजे ‘ते पिझ्झाचं हॉटेल’. बारशाला इतके कमी कष्ट कोणी घेतले नसतील! तिथे ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं एक गावाकडचं संगीत, ते वाजवणारी मंडळी यायची आणि दोन घरची माणसं आपापली पोरं घेऊन ऐकायला जायची. एका घरचा ख्रिस थीली, मॅन्डोलिनवाला. दुसऱ्या घरची भावंडं, शॉन आणि सॅरा वॉटकिन्स, तो गिटारवर आणि ती फिडलवर, फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त गावाकडचं नाव. १९८९ साली या तिघांचा बँड झाला, निकेल क्रीक. ख्रिस आणि सॅरा तेव्हा ८ वर्षांचे, शॉन १२चा. आणि डबल बासवर, म्हणजे उभं धरून वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यावर कोण, तर ख्रिसचे वडील. तरुण पोरांचा बँड म्हटलं की घरच्यांपासून पळणं आलंच, इथे वडीलच मागे ठेका धरून उभे.

२००० साली त्यांची सीडी आली, बँडच्याच नावाची, ॲलिसन क्राउस या मोठ्या ब्लूग्रास गायिकेने ती करून घेतली, तेव्हा तिघांत मोठा शॉन, तो २३ वर्षांचा. पुढे २००२च्या सीडीला ग्रॅमीही मिळालं, ते असो. मला त्या २०००च्या सीडीबद्दल बोलायचंय. त्यात स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स, १८व्या शतकातला, त्याची आफ्टन नदीवरची कविता ही कॅलिफोर्नियाची पोरं गातात, मग एक जुनी तिकडचीच नाचाची धून येते, मग कोल्ह्याने बदक पळवल्याचं शेकडो वर्षं जुनं लोकगीत, आणि हे कोल्ह्याचं गाणं तर स्टेजवर इतकं ताणायचे की मधे भलतीच गाणी घुसवून परत कोल्ह्यावर यायचे.

आता लोक याला ब्लूग्रास, जॅझ आणि तिकडचं क्लासिकल यांचं फ्युजन म्हणतात. मला तो शब्द ऐकला की धास्तीच वाटते, कारण बहुतेक वेळा फ्युजन म्हणजे तबला एकीकडे, कीबोर्ड दुसरीकडे आणि दोघं आपापल्या घरी. इथे तसं नाहीये, कारण ही घराणी आधीपासूनच एकमेकांची नातेवाईक आहेत. १८व्या शतकात स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची माणसं अमेरिकेत ॲपलेशियन डोंगरात जाऊन राहिली, बरोबर फिडलच्या धुना नेल्या, बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांकडून आला, त्यांचाच ब्लूज आला, आणि १९४०च्या दशकात केंटकीच्या बिल मन्रो नावाच्या मॅन्डोलिनवाल्याने हे सगळं एकत्र बांधलं, त्याच्या बँडचं नाव ब्लू ग्रास बॉइज, त्यावरून ब्लूग्रास. त्यात प्रत्येकाला आळीपाळीने पुढे येऊन मनाने वाजवायला मिळतं, हे थेट जॅझसारखं. म्हणजे पोरांनी मिसळलं काय, तर आधीच मिसळलेलं होतं ते जरा आणखी ढवळलं.

राहिलं क्लासिकल. तर मॅन्डोलिनला ८ तारा असतात, दोन-दोनच्या ४ जोड्या, आणि त्या लावतात अगदी व्हायोलिनसारख्या, जी डी ए ई. माझा एक गोव्याचा मित्र आहे, लहानपणी चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकलेला, त्याच्या हातात एकदा मॅन्डोलिन दिलं तर दोन मिनिटांत जुना धडा वाजवायला लागला, डाव्या हाताची बोटं आपोआप जागेवर. उजव्या हाताने मात्र रडवलं, कारण व्हायोलिनवर गज ओढत राहिलात तर सूर राहतो, इथे तार छेडली की सूर लगेच विरतो. म्हणूनच ख्रिसने २०१३ मध्ये बाख या जुन्या जर्मन संगीतकाराने एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या रचना मॅन्डोलिनवर वाजवल्या ते मला फार आवडतं, सूर विरायच्या आत पुढचा सूर हजर, मधली जागा आपण मनाने भरतो. २०१७ मध्ये ब्रॅड मेल्डाव या जॅझ पियानोवाल्याबरोबरही त्याने अल्बम केला, पण माझं मन बाखपाशीच अडकलंय.

जुन्या ब्लूग्रासवाल्यांची तक्रार असते की बँजोवाला नाही ते कसलं ब्लूग्रास. आपल्याकडे ढोलकी नसलेल्या लावणीला लोक काय म्हणतील, तसंच ते. आणि इथे तर ड्रमसुद्धा नाही! मग ठेका कुठून येतो? तर मॅन्डोलिनमधून. त्याला चॉप म्हणतात. डाव्या हाताने तारा दाबायच्या, उजव्याने फटकारायच्या आणि त्याच क्षणी डावी बोटं किंचित उचलायची, तारांवरून काढायची नाहीत हं, नुसती सैल सोडायची, की आवाज जागीच मरतो आणि उरतो नुसता ‘चक’. बास एकवर ‘धुम’ करतो, मॅन्डोलिन दोनवर ‘चक’. धुम चक, धुम चक. म्हणजे ढोलकीवाला आलाच नाही आणि तुणतुणेवाल्याने त्याचं काम अंगावर घेतलं असं समजा. ख्रिसची पुढे यायची पाळी आली की तो चॉप सोडतो, मग तेवढ्यापुरता ठेका दुसऱ्या कोणीतरी उचलायचा, कधी गिटारने, कधी सॅराच्या फिडलच्या गजाने. हे एकमेकांकडे सोपवणं कोणी सांगितल्याशिवाय कळतसुद्धा नाही.

बरं, मी फार बोललो. भांडी झाली असतील तर हात पुसा आणि पायाने ‘धुम’ धरा, टाळीने ‘चक’. कोल्ह्याचंच गाणं लावतोय.